हार्लेमचं लेखन कोणाच्या कानासाठी होतं?

विचारणाऱ्यानं एकात तीन प्रश्न गुंफले आहेत. १९२० च्या दशकातल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या साहित्याला न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या वस्तीवरून 'हार्लेम रेनेसान्स' म्हणजे पुनरुज्जीवन म्हणतात, तर आधी मेलं काय होतं? पुस्तकं गोऱ्या प्रकाशकांनी छापली आणि पैसा बऱ्याच अंशी गोऱ्या श्रीमंतांचा होता, मग ते साहित्य काळ्यांचं कसं? आणि दलित साहित्य वाचत वाढलेल्या मराठी वाचकानं ते कसं वाचावं, सुरुवात कुठून करावी? गेली सव्वीस वर्षं मी एम.ए.च्या वर्गाला हे साहित्य शिकवते आणि त्यातलं थोडंफार मराठीत आणायचा प्रयत्न करते. दुसरा प्रश्न तर दरवर्षी वर्गात येतोच, आणि तो यायलाच हवा.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मेलं काहीच नव्हतं. दक्षिणेत कापसाच्या शेतांवर, चर्चमध्ये, घरांच्या ओसरीवर गाणी, प्रवचनं, बलाढ्य प्राण्यांना फसवणाऱ्या सशाच्या गोष्टी जिवंतच होत्या. छापील साहित्यही होतं. फिलिस व्हीटली या गुलाम तरुणीच्या कवितांचं पुस्तक १७७३ मध्ये लंडनला निघालं, फ्रेडरिक डग्लस यांचं आत्मकथन १८४५ मध्ये. त्या काळातले लोक स्वतः 'न्यू निग्रो' चळवळ असं म्हणत. कवी स्टर्लिंग ब्राउन यांना तर 'हार्लेम' हे नावच मान्य नव्हतं. या चळवळीची मुळं काळानं जुनी आणि जागेनं इतरत्र आहेत, असं ते सांगत. ते स्वतः वॉशिंग्टनचे. जॉर्जिया डग्लस जॉन्सन यांच्या घरी शनिवारी लेखक जमत ते घरही वॉशिंग्टनमध्येच होतं.

'निग्रो' हा शब्द आज आपण वापरत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्या पिढीनं हाच शब्द मोठ्या एन अक्षरानं छापला जावा म्हणून वर्षानुवर्षं मागणी केली होती. न्यूयॉर्क टाइम्सनं ती १९३० मध्ये मान्य केली. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे भाषांतरात तो सगळा लढा एका फटक्यात पुसला जातो. मला याची दरवेळी चुटपुट लागते.

मग नवं काय होतं? विखुरलेली माणसं एका शहरात आली आणि त्यांच्या हाती छपाई आली. हार्लेम काही काळ्यांसाठी बांधलेलं नव्हतं. भुयारी रेल्वे येणार म्हणून बिल्डरांनी सुखवस्तू गोऱ्यांसाठी तिथे भरमसाट इमारती उठवल्या. १९०४ च्या सुमारास गिऱ्हाईक मिळेना. फिलिप पेटन नावाच्या कृष्णवर्णीय दलालानं रिकाम्या घरांमध्ये काळी कुटुंबं आणायला सुरुवात केली, अर्थात चढ्या भाड्यानं. पुढे युरोपात महायुद्ध पेटलं, तिथून येणारे मजूर आटले, उत्तरेतल्या कारखान्यांना हात हवे झाले. दक्षिणेत एकीकडे झुंडीनं माणसं मारली जात होती, दुसरीकडे बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. 'शिकागो डिफेंडर' हे काळ्यांचं वर्तमानपत्र रेल्वेच्या शयनडब्यांतले सेवक, म्हणजे पुलमन पोर्टर, दक्षिणेत पोहोचवत. त्यात उत्तरेतल्या नोकऱ्यांच्या बातम्या असत. १९१० ते १९३० या वीस वर्षांत दहा लाखांहून जास्त माणसं उत्तरेकडे गेली.

भाडं परवडेना म्हणून हार्लेममध्ये 'रेंट पार्टी'ची पद्धत पडली. शनिवारी रात्री घरातलं सामान बाजूला सारायचं, एक पियानोवाला बोलवायचा, खायला काही रांधायचं आणि येणाऱ्याकडून थोडे पैसे घ्यायचे. या पार्ट्यांची छापील कार्डं कवी लँगस्टन ह्यूज गोळा करायचे. ह्यूज यांची कविता वाचण्याआधी मी वर्गाला या कार्डांबद्दल सांगते. घरभाड्याच्या चिंतेतून उभं राहिलेलं ते संगीत त्यांच्या ओळींत शिरलेलं आहे.

१७ फेब्रुवारी १९१९ रोजी ३६९ व्या पायदळ रेजिमेंटचे काळे सैनिक फ्रान्समधून परतून फिफ्थ अव्हेन्यूवरून संचलन करत हार्लेमपर्यंत आले. पुढे जेम्स रीस युरोप यांचा बँड होता. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अनेक शहरांत काळ्यांवर हल्ले झाले. त्या वेळी रेल्वेच्या भोजनडब्यात वेटरचं काम करणारे, जमैकाहून आलेले क्लॉड मकाय यांनी 'इफ वी मस्ट डाय' लिहिली. जुलै १९१९ मध्ये 'लिबरेटर' मासिकात ती छापून आली. मरायचंच असेल तर कोंडलेल्या डुकरांसारखं मरायचं नाही, उलटून वार करत मरायचं, एवढाच तिचा आशय. ती शेक्सपिअरच्या वळणाचं चौदा ओळींचं सुनीत आहे आणि तिच्यात काळ्या रंगाचा उल्लेखही नाही. केशवसुतांनी इंग्रजीकडून घेतलेलं सुनीत आपल्या परिचयाचं आहे. मालकाच्या भाषेतला सगळ्यात सभ्य घाट घ्यायचा आणि त्यात धग भरायची, हा पहिला मार्ग. तो मकाय यांनी दाखवला, कवी काउंटी कलन त्यावर पुढे गेले.

आता छपाईकडे येते, कारण पुनरुज्जीवनाच्या वर्णनात प्रतिभेबद्दल भरभरून बोललं जातं आणि टपाल, संपादन, ग्रंथालय मागे राहतं. 'क्रायसिस' मासिक १९१० मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी सुरू केलं. १९१९ च्या सुमारास त्याचा खप एक लाखाच्या घरात होता. त्याच वर्षी जेसी फॉसेट तिथे वाङ्मयीन संपादक झाल्या. १९२० मध्ये मेक्सिकोला वडिलांकडे निघालेल्या ह्यूज यांनी आगगाडी मिसिसिपी ओलांडत असताना एका पाकिटाच्या मागे कविता खरडली. युफ्रेटिस, काँगो, नाईल, मिसिसिपी या नद्यांच्या काठी आपण हजारो वर्षं आहोत, असं सांगणारी. नुकतीच शाळा संपलेल्या या मुलाची ती कविता फॉसेट यांनी पारखली आणि जून १९२१ च्या अंकात ती आली.

नंतर आपल्या आत्मचरित्रात ह्यूज यांनी फॉसेट, 'ऑपॉर्च्युनिटी' मासिकाचे संपादक चार्ल्स जॉन्सन आणि प्राध्यापक अलेन लॉक या तिघांना या साहित्याची सुईण म्हटलं आहे. तुमच्या 'जन्म की पुनर्जन्म' या शंकेचं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही. मूल आधीपासून पोटात होतंच.

२१ मार्च १९२४ ला न्यूयॉर्कच्या सिव्हिक क्लबमध्ये एक जेवण झालं. निमित्त फॉसेट यांच्या पहिल्या कादंबरीचं. जॉन्सन यांनी प्रकाशक, संपादक आणि तरुण काळे लेखक समोरासमोर बसवले, लॉक सूत्रसंचालक होते. त्या संध्याकाळीच 'सर्व्हे ग्राफिक' मासिकाच्या हार्लेम विशेषांकाची कल्पना निघाली. तो मार्च १९२५ मध्ये आला आणि वर्षअखेरीस त्याचंच वाढवलेलं रूप म्हणून 'द न्यू निग्रो' हा संग्रह. पण जिच्या पुस्तकासाठी जेवण होतं ती बाई त्या रात्री बाजूला पडली. फॉसेट यांना हे लागलं होतं. बऱ्याच वर्षांनी त्यांनी लॉक यांना ते पत्रात लिहूनही कळवलं. या काळावरचं कोणतंही पुस्तक हातात घेतलं की मी आधी फॉसेट यांना त्यात किती पानं दिली आहेत ते पाहते.

ग्रंथालयाची गोष्ट तर मला फार प्रिय आहे. हार्लेममधल्या १३५ व्या रस्त्यावर न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाची एक शाखा होती. प्वेर्तो रिकोत जन्मलेले आर्तुरो शोम्बर्ग बँकेत नोकरी करून जगभरातून काळ्यांनी लिहिलेली आणि काळ्यांबद्दलची पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं जमवत. काळ्यांना इतिहासच नाही, असं लहानपणी शिक्षकानं सांगितलं आणि तिथून ही धडपड सुरू झाली, असं त्यांच्याबद्दल सांगतात. १९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशननं दिलेल्या १०,००० डॉलरांत तो संग्रह या शाखेला मिळाला. आज तिथे शोम्बर्ग यांच्या नावाचं संशोधन केंद्र आहे. त्याच शाखेत नेला लार्सन ग्रंथपाल होत्या, आणि 'क्विकसँड' (१९२८) व 'पासिंग' (१९२९) या दोन छोट्या कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या.

आता पैशाचा प्रश्न. होय, नॉफ, हार्पर हे गोरे प्रकाशक होते. ह्यूज यांचा पहिला संग्रह 'द वेअरी ब्लूज' (१९२६) कार्ल व्हॅन व्हेक्टन या गोऱ्या लेखकामुळे नॉफपर्यंत पोहोचला. शार्लट मेसन या श्रीमंत विधवेनं डिसेंबर १९२७ मध्ये लेखिका झोरा नील हर्स्टन यांच्याशी करार केला. दरमहा २०० डॉलर, मोटार, आणि बदल्यात दक्षिणेत फिरून हर्स्टन जे लोकसाहित्य गोळा करतील ते सगळं मेसन यांच्या मालकीचं. आपल्या माणसांच्या ओसरीवर ऐकलेली गोष्ट हर्स्टन यांना मेसन यांच्या परवानगीशिवाय छापता येत नव्हती. मेसन यांना काळा माणूस 'आदिम' हवा होता. ह्यूज यांच्याकडून त्यांना हवं तसं येईना, तेव्हा १९३० मध्ये संबंध तुटला, आणि त्या तुटण्यानं ह्यूज अक्षरशः आजारी पडले.

पण सगळा पैसा असा नव्हता. 'ऑपॉर्च्युनिटी'च्या वाङ्मय स्पर्धांना पैसे देणाऱ्यांत कॅस्पर होल्स्टिन होते. ते हार्लेममधला आकड्यांचा धंदा चालवत, म्हणजे आपल्या मटक्याचा भाऊबंद. काळ्या मजुरांनी आकड्यावर लावलेल्या पैशातला काही भाग कवितेच्या बक्षिसात गेला. म्हणून नोट कोणाच्या खिशातून आली यावर साहित्याची मालकी ठरवायची, हे मला पुरेसं वाटत नाही. लिहिताना लेखकाच्या मनात समोर कोण बसलेलं होतं, कोणाचा कान होता, हा खरा प्रश्न आहे. आणि तो आपण मागाहून शोधून काढलेला नाही, त्या लेखकांनी तो एकमेकांना भांडून विचारला होता.

सगळ्यात रसरशीत भांडण १९२६ चं. जॉर्ज स्कायलर या कृष्णवर्णीय पत्रकारानं 'नेशन' साप्ताहिकात लिहिलं की निग्रो कला वगैरे सगळं थोतांड आहे, काळा अमेरिकन हा शेवटी अमेरिकनच. पुढच्याच आठवड्यात ह्यूज यांचं उत्तर आलं. त्यांनी एका तरुण कवीचा दाखला दिला. त्याला 'निग्रो कवी' नाही, नुसता 'कवी' व्हायचं होतं. ह्यूज यांना यात गोरं होण्याची सुप्त इच्छा दिसली. आम्ही आमच्या काळ्या कातडीचं जिणं न भिता, न लाजता लिहू. गोऱ्यांना आवडलं तर आनंद, नाही आवडलं तरी हरकत नाही. काळ्यांना आवडलं तर आनंद, नाही आवडलं तरीही हरकत नाही, असा त्यांचा पवित्रा. ऑक्टोबरमध्ये ड्यू बॉइस यांनी 'क्रायसिस'मध्ये बजावलं की सगळी कला प्रचारच असते आणि असायलाच हवी. मताधिकार नाकारलेल्या, झाडाला लटकवल्या जाणाऱ्या समाजाचा माणूस हे बोलत होता, हे विसरून त्यांना कर्मठ ठरवणं अन्यायाचं आहे. तरी माझा कल ह्यूज यांच्याकडे आहे.

नोव्हेंबरमध्ये वॉलेस थर्मन, ह्यूज, हर्स्टन, ग्वेंडोलिन बेनेट, ब्रूस न्यूजंट, चित्रकार एरन डग्लस या तरुणांनी 'फायर' नावाचं मासिक काढलं. किंमत एक डॉलर. वेश्या, समलिंगी प्रेम, काळ्यांमधलाच रंगभेद, असं वडीलधाऱ्यांना नको ते सगळं त्यात होतं. एकच अंक निघाला. विकल्या न गेलेल्या अनेक प्रती ज्या तळघरात ठेवल्या होत्या तिथे आग लागून जळाल्या आणि कर्ज थर्मन पुढे कित्येक वर्षं फेडत राहिले. आपल्याकडची अनियतकालिकं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही जिद्द आणि ही उधारी दोन्ही ओळखीची वाटतील.

कानाचा प्रश्न शेवटी भाषेवर येऊन ठेपतो. काळ्यांची बोली कवितेत आणणं तोवर बदनाम झालं होतं, कारण रंगमंचावर तोंडाला काजळी फासून गोऱ्यांनी तिची टिंगल केली होती. १९२२ मध्ये जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी म्हटलं की या बोलीला दोनच पट्ट्या आहेत, विनोद आणि करुणा. ह्यूज यांनी मग बोली घेतली ती ब्लूजच्या, म्हणजे काळ्यांच्या दुःखाच्या लोकगीतांच्या घाटात. ब्लूजचं कडवं असं असतं की पहिली ओळ म्हणायची, तीच थोड्या फरकानं पुन्हा म्हणायची आणि तिसरीनं तिला उत्तर द्यायचं. हा घाट समजावा म्हणून वर्गात मी माझ्या तीन ओळी म्हणते:

गेली आगगाडी, रिकामं हे ठाणं,
अगं गेली आगगाडी, रिकामं हे ठाणं,
रुळांच्या कडेला राहिलं माझं जिणं.

दुसऱ्यांदा म्हटलेली ओळ ही पुनरुक्ती नव्हे. गाणारा तिसरी ओळ शोधत असतो आणि ऐकणारा तिची वाट बघत असतो. ह्यूज यांना मराठीत आणताना मी आधी अभंगाचा आधार घेतला. सगळं भक्तीचं होऊन बसलं; ब्लूजमध्ये देवाकडे गाऱ्हाणं नसतं, प्रियकर, घरमालक, रिकामा खिसा असतो. मग जात्यावरच्या ओव्यांकडे वळले, कारण तिथेही राबणारं शरीर लय ठरवतं आणि बाई आपल्या जिवाचं दुसऱ्या बाईला सांगते. ती जोडी थोडी जुळली, पूर्ण नाही. ओवी घरात गायची, ब्लूज बिऱ्हाड मोडलेल्या माणसाचा. ह्यूज यांचा १९२७ चा दुसरा संग्रह आला तेव्हा काळ्यांच्याच वर्तमानपत्रांनी त्याला घाण म्हणून झोडपलं, आपली अब्रू गोऱ्यांसमोर काढली म्हणून. तोवर १९२५ च्या 'ऑपॉर्च्युनिटी' स्पर्धेत 'द वेअरी ब्लूज' या कवितेला पहिलं बक्षीस मिळून गेलं होतं, आणि त्या कवितेत त्यांनी लहानपणी कॅन्ससमध्ये ऐकलेलं ब्लूजचं कडवं होतं. पुढे स्टर्लिंग ब्राउन यांचा 'सदर्न रोड' (१९३२) आला तेव्हा प्रस्तावना लिहिली ती याच जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी, आणि बोलीत बरंच काही होऊ शकतं हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं.

हर्स्टन यांच्या बाबतीत मी एकदा फसले. 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' (१९३७) मधल्या ईटनव्हिल या फ्लोरिडातल्या काळ्यांच्या गावातल्या दुकानाच्या ओसरीवरचे संवाद मी मराठवाडी बोलीत केले. एक विद्यार्थिनी, जिची स्वतःची ती बोली, वाचून म्हणाली, "मॅडम, ही आमच्याकडची बाई झाली, तिथली राहिली नाही." तिचं बरोबर होतं. तेव्हापासून मी शब्द मोडत नाही, वाक्याची चाल आणि हाका तेवढ्या सांभाळते. या कादंबरीवर कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट यांनी त्याच वर्षी आरोप केला होता की ती गोऱ्यांना हसवण्यासाठी लिहिली आहे. मला नेमकं उलट दिसतं. त्या ओसरीवर गोरं माणूस नाहीच. नायिका जेनी आपली सगळी कहाणी सांगते ती एका मैत्रिणीला, संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून. मेसन यांचा पैसा घेतलेल्या लेखिकेनं इतकं आपल्या कानासाठी लिहिलं, म्हणून मी खिशापेक्षा कान बघा म्हणते.

१९२९ च्या मंदीनं बक्षिसं, देणग्या, प्रकाशकांचा उत्साह सगळं आटलं. मार्च १९३५ मध्ये हार्लेममध्ये दंगल झाली तेव्हा तो बहर ओसरलाच होता. नेला लार्सन परिचारिकेच्या कामाकडे परतल्या आणि १९६४ मध्ये विस्मृतीतच वारल्या. हर्स्टन १९६० मध्ये फ्लोरिडातल्या एका सरकारी निराश्रित गृहात वारल्या. त्यांच्या अनाम कबरीवर १९७३ मध्ये लेखिका अॅलिस वॉकर यांनी दगड बसवला.

आता आपला संबंध. दरवर्षी कोणी तरी विद्यार्थी म्हणतो की बाबासाहेबांवर हार्लेम रेनेसान्सचा प्रभाव पडला. तारखा जुळत नाहीत. ते कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ होते. विद्यापीठ टेकाडावर आणि हार्लेम त्याच्या खालीच पसरलेलं, हे खरं. पण तो बहर त्यांच्या जाण्यानंतरचा. खरा दुवा आहे १९४६ चा, जेव्हा त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि ड्यू बॉइस यांनी उत्तर दिलं. १९७२ च्या दलित पँथरनं नाव घेतलं ते ब्लॅक पँथरचं, म्हणजे हार्लेमनंतर चाळीस वर्षांनी आलेल्या पिढीचं. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी या साहित्यावर मराठीत सविस्तर लिहिलं आहे, ते अवश्य मिळवा. जवळीक मला दिसते ती घोषणांपेक्षा भाषेत. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'तल्या शब्दांचे अर्थ प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांनाही विचारावे लागले होते. ढसाळांनी वाचकाच्या सोयीसाठी शब्द बदलले नाहीत. १९२७ च्या ह्यूज यांनीही नाही.

सुरुवातीला लार्सन यांची 'पासिंग' घ्या. शंभर-दीडशे पानांची आहे, इंग्रजी सरळ आहे. उजळ रंगाची क्लेअर आपलं काळेपण लपवून काळ्यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्याशी संसार करते. शहरात आडनाव सांगताना क्षणभर थांबणारी माणसं आपल्याला ठाऊक आहेत, त्यामुळे या कादंबरीला तळटीप लागत नाही. मग ह्यूज यांचा पहिला संग्रह आणि त्याच्यासोबत ब्लूज गायिका बेसी स्मिथ यांच्या ध्वनिमुद्रिका, कारण ब्लूज कानावरून गेल्याशिवाय त्या ओळी पानावर सपाट दिसतात. जीन टूमर यांचं 'केन' (१९२३) त्यानंतर. त्यात गद्य, कविता, नाटक एकमेकांत मिसळलेलं आहे आणि पहिल्या वाचनात निम्मं निसटतं, ते निसटू द्या. हर्स्टन शेवटी ठेवा. तिथली बोली डोळ्यांनी वाचली तर अडखळायला होतं. एक प्रकरण मोठ्यानं वाचा, शक्य असेल तर कोणाला तरी समोर बसवून. दहाएक पानांत जीभ सरावते आणि ओसरीवरची माणसं वेगवेगळी ऐकू यायला लागतात.